मऊ चिलखत: आघाताच्या क्षणी ताठरणाऱ्या पॉलिमरची ओळख

२००६ सालच्या फेब्रुवारीत इटलीतील तुरिन येथे हिवाळी ऑलिम्पिक भरले, तेव्हा अमेरिका आणि कॅनडाच्या काही स्कीपटूंच्या अंगावर वेगळाच पोशाख होता. बर्फाच्या उतारावर रोवलेल्या खांबांमधून वळणे घेत खाली येण्याची त्यांची शर्यत. वेळ वाचवायचा तर खांबाला अगदी खेटून जावे लागते, आणि नडगी किंवा हात खांबावर आदळतोच. कडक प्लॅस्टिकचे संरक्षक बांधले तर वाऱ्याचा अडथळा वाढून वेग घटतो. न बांधले तर प्रत्येक वळणावर मार बसतो. नव्या पोशाखात नडग्यांवर आणि कोपराखालच्या भागावर एका मऊ पदार्थाचे थर होते. खेळाडू हलला की ते त्याच्याबरोबर वाकत, खांब आदळला की त्या क्षणापुरते घट्ट होत आणि लगेच पूर्ववत मऊ पडत. ब्रिटनमधील रिचर्ड पामर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘डीथ्रीओ’ या कंपनीचा हा पदार्थ पुढे मोटारसायकलस्वारांच्या जॅकेटांत, कामगारांच्या हातमोज्यांत आणि मोबाइलच्या कव्हरांतही पोचला.

चिलखत म्हटले की पोलाद, जाड चामडे, कठीण कवच असेच डोळ्यांपुढे येते. कठीण गोष्ट वाचवते आणि मऊ गोष्ट हार मानते, हा माणसाचा हजारो वर्षांचा अनुभव. एकाच पदार्थाने दोन्ही स्वभाव बाळगावेत आणि कोणता केव्हा दाखवायचा हे धक्क्याच्या वेगानुसार आपोआप ठरावे, हा विचार त्या मानाने अगदी नवा आहे. त्यामागे बॅटरी नाही, संवेदक नाही, बटण नाही. जे काही घडते ते रेणूंच्या पातळीवर. या विषयात शिरण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. असा पदार्थ घडवणे म्हणजे कठीणपणा वाढवणे नव्हे. तो कठीणपणा कधी यावा, किती वेळ टिकावा आणि किती उन्हात, किती पावसात टिकावा, हे ठरवणे होय.

आधी पडण्याचे गणित पाहू. एखादी व्यक्ती एक मीटर उंचीवरून गुडघ्यावर पडली, तर जमिनीला टेकताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर असतो. हा वेग शून्यावर येण्यासाठी मध्ये एक सेंटिमीटर जागा मिळाली, तर सरासरी मंदन गुरुत्वीय त्वरणाच्या शंभर पट होते आणि सगळा प्रकार साडेचार सहस्रांश सेकंदात आटोपतो. जागा दोनच मिलिमीटर मिळाली तर तेच मंदन पाचशे पटींवर जाते. हाडाचे काय होणार, हे या फरकावर अवलंबून असते. म्हणून अंगरक्षक साधनाची कामे दोन: थांबण्यासाठी अंतर मिळवून देणे आणि बसलेला मार मोठ्या क्षेत्रावर पसरवणे. साधा मऊ स्पंज धक्क्यात क्षणार्धात चेपून तळाला लागतो. मग जमिनीचा मार थेट हाडाला. नुसते कठीण कवच मार पसरवते, पण अंतर देत नाही. दोन्ही साधायचे तर पदार्थाने चेपले जायला हवे, पण सहजासहजी नव्हे. विरोध करत, ऊर्जा जिरवत.

हे तत्त्व आधुनिक हेल्मेटमध्ये आले ते एका मृत्यूनंतर. १९३५ च्या मे महिन्यात ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून दगावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यचिकित्सक होते. पुढे केर्न्स यांनी मोटारसायकलवरून निरोप पोचवणाऱ्या लष्करी जवानांच्या अपघातांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने या जवानांना हेल्मेट सक्तीचे केले. पुढची पायरी १९५३ मधली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स लोम्बार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कठीण कवचाच्या आत ऊर्जा जिरवणारा थर असलेल्या हेल्मेटच्या पेटंटसाठी अर्ज केला. आज दुकानात मिळणारे बहुतेक हेल्मेट याच घडणीचे असते: बाहेर कवच, आत आपल्याकडे सर्रास थर्माकोल म्हणतात ते फुगवलेले पॉलिस्टायरीन. थर्माकोलमधले हवेचे कप्पे चिरडतात आणि त्यांच्याबरोबर ऊर्जा खर्ची पडते. त्याची ताकद मोठी, पण ती एकदाच वापरता येते. एकदा चिरडलेला थर पुन्हा उभा राहत नाही. म्हणून मोठा धक्का बसलेले हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसले तरी बदलावे लागते.

डोक्यावर ताठ कवच चालते, कारण कवटी वाकत नाही. गुडघा, कोपर, खांदा, कंबर वाकतात. तिथे थर्माकोल बसत नाही आणि कडक प्लॅस्टिक फार वेळ सोसवत नाही. मऊ राहून वेळेला घट्ट होणाऱ्या पदार्थाची गरज खरी इथे भासते.

असा पदार्थ सापडला तो दुसऱ्या महायुद्धात, वेगळेच काही शोधताना. आग्नेय आशियातील रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेले होते आणि अमेरिकेला कृत्रिम रबराची निकड होती. ‘जनरल इलेक्ट्रिक’ कंपनीच्या न्यू हेवन येथील प्रयोगशाळेत जेम्स राइट यांनी १९४३ मध्ये सिलिकोन तेलात बोरिक आम्ल मिसळले. त्यातून एक विलक्षण गोळा तयार झाला. जमिनीवर टाकला तर उसळी मारतो, टेबलावर ठेवला तर सावकाश पसरून थारोळे होतो, हळू ताणला तर लांबतो आणि झटका दिला तर तुटतो. ‘डाउ कॉर्निंग’मधील अर्ल वॉरिक यांनीही त्याच सुमारास असाच पदार्थ केला होता. रबराची जागा त्याला घेता आली नाही. १९५० मध्ये पीटर हॉजसन यांनी तो प्लॅस्टिकच्या अंड्यांत भरून ‘सिली पुटी’ या नावाने मुलांना विकायला काढला आणि तो अमेरिकेतल्या घराघरांत गेला. १९६८ मध्ये अपोलो-८ च्या अंतराळवीरांनी वजनरहित अवस्थेत अवजारे जागच्या जागी चिकटवून ठेवण्यासाठी तो सोबत नेला होता. संरक्षक साधनात त्याचा पद्धतशीर उपयोग व्हायला मात्र आणखी काही दशके जावी लागली.

या गोळ्याचे गूढ काळात आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये डांबरासारख्या ‘पिच’चा एक प्रयोग मांडला, तो आजही चालू आहे. हातोडीने फुटणारे ते पिच नरसाळ्यातून इतके संथ वाहते की नववा थेंब पडायला २०१४ साल उजाडले. हातोडीपुढे पिच घन, वर्षांपुढे द्रव. पदार्थ घन की द्रव हा प्रश्न त्याला किती वेळ दिला यावर अवलंबून असतो. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६७ मध्येच अशा पदार्थांना ‘सैलावण्याचा काळ’ असतो हे मांडले होते. ताण दिल्यावर आतले रेणू सरकून तो ताण सोडवायला जो वेळ घेतात, तो हा काळ. १९६४ मध्ये मार्कस राइनर यांनी हा काळ आणि धक्क्याचा किंवा निरीक्षणाचा काळ यांच्या गुणोत्तराला ‘डेबोरा अंक’ असे नाव दिले. गुणोत्तर एकाहून खूप लहान असेल तर पदार्थ द्रवासारखा वाहतो. खूप मोठे असेल तर घनासारखा ताठ राहतो. मऊ चिलखताच्या सगळ्या रचनाशास्त्राचा कणा हाच: चालणे-वाकणे याला लागणारा सेकंदभराचा वेळ आणि पडण्याच्या धक्क्याचे चार-पाच सहस्रांश सेकंद, या दोहोंच्या मध्ये पदार्थाचा सैलावण्याचा काळ नेमका बसवायचा.

रेणूंच्या पातळीवर हे कसे घडते? पॉलिमर म्हणजे लांबच लांब साखळ्या, एकमेकींत गुंतलेल्या. शिजलेल्या शेवयांतून एक शेवई सावकाश ओढली तर ती मोकळी होऊन येते. हिसका दिला तर सगळा गुंताच वर उचलला जातो. साखळ्यांचेही तसेच. सिली पुटीत या गुंत्याला आणखी एक जोड आहे. बोरॉनचे अणू शेजारच्या साखळ्यांतील ऑक्सिजनशी तात्पुरते बंध जोडतात. हे बंध सतत तुटतात आणि दुसरीकडे पुन्हा जुळतात. ओढ संथ असेल तर त्यांना तुटून नव्याने जुळायला सवड मिळते आणि पदार्थ वाहतो. धक्का वेगाचा असेल तर ती सवडच मिळत नाही. जे बंध त्या क्षणी जुळलेले असतात ते सगळे एकदम भार घेतात आणि गोळा रबरासारखा वागतो. संथ आणि वेगवान अवस्थांतील ताठरपणात शंभर पटींहून अधिक फरक पडू शकतो.

वेगाला असा प्रतिसाद देणारे दुसरे कूळ पिठासारख्या कणांचे. कॉर्नफ्लोअरमध्ये थोडेच पाणी घालून केलेल्या दाट मिश्रणात बोट अलगद बुडते, पण त्यावर बुक्की मारली तर ती अडते. ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये दाटीने रचलेले कण दाबल्यावर एकमेकांवर चढून पसरतात हे दाखवले. ओल्या पुळणीवर पाऊल टाकताच भोवतालची वाळू क्षणभर कोरडी दिसते, हे त्यांचेच उदाहरण आहे आणि अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर ते कोणालाही पाहता येते. कॉर्नफ्लोअरच्या मिश्रणात कणांमधला पाण्याचा पापुद्रा जोराच्या रेट्यात पिळून निघतो, कण एकमेकांना प्रत्यक्ष घासतात आणि अडकून बसतात. शिकागो विद्यापीठातील स्कॉट वेटुकाइटिस आणि हाइन्रिख येगर यांनी २०१२ मध्ये दाखवले की अशा मिश्रणावर आघात झाला की आघाताच्या जागेखाली घट्ट भाग वेगाने वाढत खाली जातो आणि आजूबाजूचा मोठा भाग सोबत ओढतो. मिश्रणाने भरलेल्या हौदावरून माणूस धावत जाऊ शकतो, तो याच्याच बळावर.

हे ज्ञान चिलखतात उतरले ते डेलावेअर विद्यापीठातील नॉर्मन वॅग्नर आणि अमेरिकी लष्करी संशोधन प्रयोगशाळेतील एरिक वेट्झेल यांच्या कामातून. त्यांनी सिलिकाचे अतिसूक्ष्म कण पॉलिएथिलीन ग्लायकॉल या द्रवात मिसळून त्यात केव्हलारचे कापड भिजवले. २००३ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. केव्हलार हा धागा ‘ड्यूपाँ’मधील स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये शोधला आणि गोळीविरोधी जॅकेटे त्यावर उभी राहिली. पण टोकदार सुई किंवा टोच्या धाग्यांच्या मधून फट काढून आत शिरतो. कणांचा द्रव वेगाच्या घावात घट्ट होऊन धाग्यांना एकमेकांपासून सरकू देत नाही, आणि कापड मात्र वाकते राहते.

तिसरे कूळ सर्वांत साधे आणि आज बाजारात सर्वांत जास्त दिसणारे: पॉलियुरेथेनचा फोम. प्रत्येक पॉलिमरला एक तापमान असते. त्याखाली तो काचेसारखा कडक, त्यावर रबरासारखा मऊ. फोमची जडणघडण अशी केली की हे संक्रमण नेहमीच्या तापमानाच्या जवळ येते, तर संथ दाबाखाली तो मऊ राहतो आणि वेगाच्या धक्क्यात काचेच्या बाजूला झुकतो. नासाच्या एम्स केंद्रासाठी १९६६ मध्ये चार्ल्स योस्ट यांनी विमानाच्या आसनांकरिता केलेला ‘टेंपर फोम’ याच घराण्यातला. आजच्या मेमरी फोमच्या गाद्या त्याचेच वारस आहेत.

प्रयोगशाळेतला गोळा आणि अंगावरचे साधन यांत मोठे अंतर असते. सिली पुटी ओळीने खिशात भरून जॅकेट शिवले तर काही दिवसांत ती खाली ओघळून साचेल. म्हणून बोरॉनयुक्त सिलिकोन एकटा वापरत नाहीत. तो फोमसारख्या, आकार धरून ठेवणाऱ्या पॉलिमरच्या जाळ्यात मिसळून कोंडतात. डीथ्रीओच्या मूळ पेटंटचे मर्म हेच. जाळे आकार सांभाळते, कोंडलेला पदार्थ धक्का सांभाळतो. दुसरी अडचण पाण्याची. बोरॉन, ऑक्सिजन आणि सिलिकॉनला जोडणारे बंध ओलाव्याने तुटतात. घाम आणि पाऊस या दोघांपासून पदार्थाला जपावे लागते. तिसरी अडचण, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत गंभीर, तापमानाची. ऊब वाढली की साखळ्यांची हालचाल वाढते, सैलावण्याचा काळ आखूड होतो. जो धक्का थंडीत पदार्थाला घट्ट करतो तोच उन्हात त्याला पुरेसा वेगवान वाटत नाही. उलट कडाक्याच्या थंडीत पदार्थ साध्या चालण्यातही ताठ राहतो. ही तिन्ही ओझी एकाच थराने, तेही सेंटिमीटरभर जाडीत आणि हवा खेळती ठेवून पेलायची असतात.

पदार्थ घट्ट झाला म्हणजे काम झाले, हा समज इथे सोडायला हवा. धक्क्यात दगडासारखा कठीण होणारा थर जमिनीचा मार जसाच्या तसा हाडाला पोचवील. घट्ट होतानाच साखळ्यांच्या घर्षणातून ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर झाले पाहिजे. म्हणून चाचणीत पदार्थाचा कठीणपणा मोजत नाहीत, पलीकडे पोचलेले बल मोजतात. मोटारसायकलस्वारांच्या हातापायांच्या संरक्षकांसाठी असलेल्या युरोपीय मानकात, ‘ईएन १६२१-१’ मध्ये, पाच किलोचा घण ५० जूल ऊर्जेने, म्हणजे सुमारे एक मीटरवरून, संरक्षकावर पाडतात. पलीकडचे सरासरी बल ३५ किलोन्यूटनच्या आत राहिले तर ‘लेव्हल १’, २० च्या आत राहिले तर ‘लेव्हल २’. पाठीच्या संरक्षकासाठी याच आघाताला मर्यादा १८ आणि ९ किलोन्यूटन. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक जॅकेटांवर या खुणा असतात. खरेदीदाराने नावाआधी त्या पाहाव्यात.

या मानकातला एक तपशील भारतीय वाचकाने विसरू नये. हातापायांच्या संरक्षकांची उष्ण चाचणी ४० अंश सेल्सिअसला होते, आणि २०१२ च्या आवृत्तीनुसार ती ऐच्छिक आहे. नागपूर, चंद्रपूर, अकोल्यात मे महिन्यात हवेचाच पारा ४५ अंशांच्या घरात जातो. उन्हात उभ्या गाडीवर ठेवलेले काळे जॅकेट त्याहून तापते. थंड देशांत घडवलेला पदार्थ विदर्भातल्या दुपारी किती घट्ट होतो, हा प्रश्न इथल्या रस्त्यावर जीवनमरणाच्या जवळ जाणारा आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतले सुमारे ४४ टक्के, म्हणजे जवळपास ७५ हजार, दुचाकीवरचे होते. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५० हजारांवर होती. जीव वाचवण्यात हेल्मेटचा वाटा सर्वांत मोठा, आणि त्याची जागा कोणतेही जॅकेट घेऊ शकत नाही. पण हे आकडे आणखी एक गोष्ट सांगतात. संरक्षण उपलब्ध असूनही अंगावर नसते. उकाडा, जडपणा, टोचणे, घामोळे, ही कारणे क्षुल्लक नाहीत. रोज तीस-चाळीस किलोमीटर दुचाकी चालवणाऱ्या डिलिव्हरीच्या मुलासाठी ती दिवसभराची पीडा आहे. म्हणून मऊपणा, हलकेपणा, हवा खेळणे यांना चैनीत काढू नये. जे घालवत नाही ते वाचवत नाही, आणि म्हणून सोय हा सुरक्षिततेच्या रचनेचाच भाग धरला पाहिजे.

संशोधन पुढे सरकत आहे, आणि त्याची दिशा उत्साह वाढवणारी आहे. इंग्लंडमधील केंट विद्यापीठात बेन गोल्ट आणि जेनिफर हिस्कॉक यांच्या गटाने पेशींमध्ये नैसर्गिकपणे धक्के झेलणाऱ्या टॅलिन या प्रथिनापासून एक जेल घडवले. ताण आला की प्रथिनाच्या घड्या उलगडतात, ताण गेला की पुन्हा पडतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या जेलने सेकंदाला दीड किलोमीटर वेगाने आलेले सूक्ष्म कण अडवले. कोलोरॅडो विद्यापीठाच्या डेन्व्हर शाखेत ख्रिस याकाकी यांचा गट द्रव-स्फटिकी रबरावर काम करतो. त्यातले रेणू धक्क्यात दिशा बदलून ऊर्जा जिरवतात. मार्च २०२४ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बैठकीत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मर्सेड शाखेतील युए वांग यांच्या गटाने वीजवाहक पॉलिमरचे असे मिश्रण मांडले की त्याला जितक्या वेगाने ताणावे वा ठोकावे तितके ते चिवट होते. अंगावर वागवायच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी, हृदयाचे ठोके मोजणाऱ्या पट्ट्यांसाठी, हा गुण मोलाचा आहे.

महाराष्ट्राला हे शास्त्र परके नाही. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले रघुनाथ माशेलकर यांनी मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून, म्हणजे यूडीसीटीतून, १९६९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. इंग्लंडमधील सॅल्फर्डमध्ये काही वर्षे काढून ते १९७६ मध्ये पुण्याच्या प्रयोगशाळेत आले आणि पॉलिमरच्या द्रावणांचे, जेलचे वाहणे-सैलावणे हा त्यांच्या संशोधनाचा मोठा भाग राहिला. पदार्थ कसा वाहतो आणि कसा ताठरतो याचा अभ्यास करणारी माणसे पुण्या-मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या घडली आहेत. दुचाकी घडवणारे मोठे कारखानेही याच पट्ट्यात आहेत. ज्ञान, कारखाना आणि गरज इतक्या जवळ असणे हे भाग्य आहे.

या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी, उद्योजकांनी आणि मानके लिहिणाऱ्यांनी म्हणून एवढे मनावर घ्यावे: इथल्या साधनाची परीक्षा इथल्या हवेत व्हावी. ४५ अंशांत तापवून, घामाच्या पाण्यात भिजवून, महिनोन्‌महिने वापरल्यावर पुन्हा घण पाडून पलीकडचे बल मोजावे, आणि तो आकडा जॅकेटवर छापावा. आणि तोवर वाचकाने एवढे करावे: आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट घालून त्याचा पट्टा लावावा, जोराचा धक्का बसलेले हेल्मेट बदलावे, आणि गुडघ्या-कोपरांचे संरक्षक घेताना रंगाआधी त्यांवरची लेव्हल वाचावी.